अठ्ठ्याहत्तरांतून एकशे बारा

टाकळीशेरी
१ डिसेंबर २०२४

सटवा,

फाडायच्या आधी ऐकून घे, मंग खुशाल फाड. तुला वाचता येत न्हाई हे मला ठावं हाय. तू तिसरीतून पळालास तवा तुहं दप्तर मीच घरी आणून दिलतं आन तुह्या आईच्या शिव्या बी मीच खाल्ल्या. म्हणून ऋतुजाला लिहितो. पोरी, तुह्या सासऱ्याला समोर बसव आन सावकाश वाच. मधीच उठून मेंढरांकडं निघाला तर नाथाला म्हणावं, धर तुह्या बापाला.

फोन तू उचलत न्हाईस. सात वेळा केला. आठव्यांदा नाथानं उचलला आन 'आबा रानात हायेत' म्हणला, तवा मागून तुहा खोकला मला चांगला ऐकू आला. चाळीस वर्षं तो खोकला कुंपणापलीकडून ऐकतोय बे. मला काय शिकवतोस?

कावून गेलास न सांगता? गुरुवारी सकाळी जैतुन दुधाला भांडं घेऊन तुह्याकडं गेली आन रिकामं भांडं घेऊन परत आली. म्हणली, 'सटवाभाऊचा मेंढरांचा वाडगा मोकळा हाय, चूल बी थंड हाय, ताराबाई न्हाईत.' मला वाटलं चेष्टा करती. मी स्वतः जाऊन बगितलं. तुमी आष्टीकडं लेकीच्या गावाला गेलेत हे मला मंजुळाबाईच्या दुकानात कळलं, चहापत्ती घेताना. मला! परक्या माणसाला कळावं तसं.

ऋतुजा, तू तवा बाळंतपणाला माहेरी व्हतीस. घरच्यांनी तुला काय सांगितलं कुणास ठावं. म्हणून झालं ते लिहितो.

आमची मुसलमानांची गल्ली आन तुमची धनगरवस्ती, दोन्हीचं मिळून एकच मतदान केंद्र हाय. तिसरं कुणी त्याच्यात न्हाई. सुंदररावअण्णांचा विजयसिंह आमदारकीला उभा राहिला. कापणी झाली की तुह्या सासऱ्याचे मेंढरं अण्णांच्या आन त्यांच्या भावकीच्या रानात चरतेत आन तिथंच बसतेत, आन आमच्या बाया त्यांचाच कापूस वेचतेत. मंग मत कुणाला, हे विचारायची पद्धत आमच्याकडं न्हवती. तरी अण्णांनी पक्कं करून घेतलं. मतदानाच्या आदल्या गुरुवारी पीरसाहेबाला कंदुरी केली. बोकड सटवाचा. पाय त्यानं धरले, सुरी मी चालवली. सुरी लावायच्या आधी कापणाऱ्या मुलाण्यानं विचारायचं असतं, 'कुणाच्या नावानं?' मी विचारलं. अण्णा म्हणले, 'विजयसिंहाच्या.' दोन्ही वस्त्यांचे बाप्ये पंगतीला बसले. ज्याच्या नावाची कंदुरी खाल्ली त्याला जबान दिली, हे आपल्या गावात लेकराला बी कळतं.

निकाल लागला. विजयसिंह त्र्याण्णव मतांनी पडला. यंत्रं केंद्रवार मोजतेत, त्यामुळं कोणत्या केंद्रात काय झालं ते दुपारच्या जेवणापर्यंत गावाला कळतं. आपल्या केंद्रात विजयसिंहाला शहाण्णव आन समोरच्याला एकशे बारा. जबान दिली व्हती सगळ्या दोनशे आठांची.

दुसऱ्या दिवशी अण्णांनी आपल्या दोघांना दारात बोलावलं. सटवा, पुढचं तुला सांगायची गरज न्हाई. अण्णा म्हणले, 'धनगरांनी घात केला.' तू उभा राहिलास आन म्हणलास, 'अण्णा, आमचे मतं अठ्ठ्याहत्तर पडले. अठ्ठ्याहत्तर मेंढरांतून एकशे बारा कसे निघतील?' तू मह्याकडं बगितलंस. मी मह्या चपला बगत व्हतो. मंग अण्णांनी फर्मान काढलं, की सटवाचे मेंढरं कुणी रानात घालायचे न्हाईत.

मी काय बोलायला पाहिजे व्हतं? सांग ना. मोठ्या माणसाचा राग महिना-दोन महिने राहतो. तू गप बसला असतास तर सक्रांतीपर्यंत विसरले असते. पण तू पडलास हिशेबी, गणित मांडायला गेलास.

परत ये. पाडव्यापर्यंत तरी ये. वाडगा मी झाडून ठेवलाय.

दस्तगीर


टाकळीशेरी
१५ जानेवारी २०२५

सटवा,

दीड महिना झाला, एक ओळ न्हाई. ऋतुजाला लिहिता येतं, बारावी झालीय म्हणतेत. तीन शब्द सांगितले असतेस तर तुहं काय गेलं असतं? शिवी तरी दे. तुह्या शिव्या न ऐकता आजवर एक आठवडा गेला न्हवता मह्या आयुष्यात.

काल सक्रांत झाली. ताराबाई दरसाल जैतुनला वाण द्यायच्या. औंदा जैतुन दिवसभर ओसरीवर बसून व्हती. मी म्हणलो, 'कुणाची वाट बगतीस?' तर म्हणली, 'कुणाची न्हाई, ऊन खातीय.' मंग आत जाऊन रडली. ती रडली की मला राग येतो, आन राग आला की मी काय तरी बोलतो, तसं बोललो. तिनं बी ऐकवलं. म्हणली, 'सटवाभाऊला खरं लिवा, न्हाई तर पत्र लिवू नका.'

तर खरं लिहितो.

आमच्या गल्लीतनं मतं फिरली. हे तू वळखलंच हायेस. पण कशी फिरली ते तुला ठावं न्हाई. मतदानाच्या चार दिवस आधी तिकडं मोठ्या गावात विजयसिंहाची सभा झाली. अण्णांनी औंदा पक्ष बदललेला, त्या नव्या पक्षानं बाहेरून एक बोलणारा आणला. तो आमच्या नावानं काय काय बोलला ते मी लिहीत न्हाई, ऋतुजाच्या तोंडून ते निघायला नको. मागं खुर्चीवर विजयसिंह बसलेला, आन टाळ्या वाजवीत व्हता. मह्या मांडीवर खेळलेलं पोरगं ते. त्याची सुंता तेवढी केली न्हाई, बाकी त्याच्या जावळाचा बोकड बी मीच कापलाय.

ती सभा कुणाच्या तरी मोबाईलवर आली आन बायांनी बगितली, अण्णांच्याच रानात कापूस वेचता वेचता. तिथंच त्यांचं ठरलं. जैतुन पुढं. मी घरी भांडलो. म्हणलो, 'कंदुरी खाल्लीय, जबान गेलीय.' तर तुही वहिनी मला काय म्हणली? 'कंदुरी बाप्यांनी खाल्ली. आमाला पंगतीला घेता का कदी? आमी घरी भाकरी खाल्ली. आमची जबान तुमी कशी देऊन आलात?'

आपल्या पिराची कंदुरी बाया खात न्हाईत, हे बापजाद्यांपासून चालत आलंय. आपण सगळे शहाणे बाप्ये पंगतीला बसलो आन न जेवलेल्यांचे मतं मोजून आलो. तू बी मोजलेस, मी बी मोजले. अण्णांनी बी मोजले.

पण बायांचं एक सोड, मी मह्या जबानीला जागलो. मी विजयसिंहालाच दिलं. तेवढं तरी मनात ठेव.

आन समोरच्याला आमी काय प्रेमानं दिलं असं समजू नको. पाच वर्षांमागं ह्याच माणसाला पाडायला आमी एक झालतो. त्याच्या आधी तिसऱ्याला पाडायला. लोकसभेला आणखी कुणाला तरी. आमच्यात कुणी निवडून आणायला जातच न्हाई, दरवेळी जो जास्त भ्या दाखवतो त्याला पाडायचं आन दुसऱ्याच्या दारात जायचं. पक्ष फुटले, चिन्हं वाटली गेली, कालचे वैरी एका गाडीत बसले. आमी मात्र दर पाच वर्षांनी नवं दार वाजवत बसलोय. म्हाताऱ्या माणसानं कुठं कुठं जावं?

तुमचं तसं न्हाई म्हणशील. तुमी तरी काय वेगळे? मेंढरांना रान पाहिजे, मंग रानवाल्याला मत.

मेंढरं कशी हायेत? तिकडं चारा हाय का? ताराबाईंच्या गुडघ्याचं काय?

दस्तगीर


टाकळीशेरी
३ एप्रिल २०२५

सटवा,

ईद झाली. शीरखुर्म्याचं भांडं संध्याकाळपर्यंत झाकून ठेवलं. तू येणार न्हाईस हे ठावं असून ठेवलं, वेडेपणाच. शेवटी जैतुननं मंजुळाबाईला नेऊन दिलं.

ऋतुजा, आता पुढचं एवढं तुह्या सासऱ्याला एकट्याला वाच. ताराबाईंना अंगणात काय तरी काम सांग. आन तुला जे वाटंल ते वाटू दे, मला त्याचं वाईट वाटणार न्हाई. मह्या मनाला मीच इतकं बोलून झालोय.

सटवा, मागच्या पत्रात मी खोटं लिहिलं.

तुहं गणित अर्धं व्हतं. अठ्ठ्याहत्तरांतून एकशे बारा निघत न्हाईत, इथंच तू थांबलास. मी पुढं केलं. तुमच्या वस्तीचा एक बी माणूस फुटला न्हाई, मला ठावं हाय, कारण तू सांगितल्यावर कोण फुटतंय? मंग विजयसिंहाच्या शहाण्णवांतून तुमचे अठ्ठ्याहत्तर वजा कर. राहिले अठरा. आमच्या एकशेतिसांत अठराच माणसं जबानीला जागली.

त्या अठरांत मी न्हाई.

आत गेलो तवा विजयसिंहाच्या बटनावर बोट ठेवलंतं. ठेवलं आन त्या टाळ्या आठवल्या. दुसरं दाबलं. बाहेर आलो तर तू झाडाखाली बसलेला, बोटाची शाई वाळवत. म्हणलास, 'झालं का तुह्या मनासारखं? तू म्हणलास म्हणून दिलं बग, न्हाई तर आमच्या पोरांचं मन न्हवतं.' मी म्हणलो, 'झालं.' तुह्याकडनं तंबाखू घेऊन खाल्ली.

एवढ्यावर बी थांबलो न्हाई. अण्णांनी आपल्याला दारात बोलावलं, त्याच्या आदल्या सांजेला, म्हणजे निकालाच्याच दिवशी, मी एकटा त्यांच्याकडं जाऊन आलतो. कुणी बोलावलं न्हवतं. पिराच्या मजारीवरच्या गलेफावर हात ठेवल्यासारखा त्यांच्या उंबऱ्यावर हात ठेवला आन म्हणलो, 'अण्णा, आमचं एक मत हललं न्हाई.' ते म्हणले, 'मंग कुणाचं हललं?' मी नाव घेतलं न्हाई. खरंच घेतलं न्हाई सटवा. पण केंद्रात दोनच वस्त्या. एकीनं हात झटकले की दुसरीचं नाव घ्यायला लागतंय का?

कावून केलं असं, ते बी ऐक. निकालाच्या दिवशी दुपारपासून विजयसिंहाची पोरं आमच्या गल्लीतनं मोटारसायकली फिरवीत व्हती. चौथ्या फेरीला एकानं मशिदीच्या दारात गाडी उभी करून हॉर्न दाबून धरला. जैतुननं कडी लावली. तवा मला वाटलं, तुमच्यावर राग धरला तर रान बंद व्हईल, आमच्यावर धरला तर घरं पेटतील. तुहं नुकसान भरून येईल, आमचं येणार न्हाई. तू धनगर हायेस, तुला कुणी 'गावातून नीघ' म्हणणार न्हाई.

तसं कुणी म्हणलंच न्हाई. रान बंद केलं, तू आपोआप गेलास.

हे कारण मी रोज मनाला सांगतो. सकाळी पटतं, दुपारनंतर पटत न्हाई.

आन ज्याला निवडून दिलं त्याची बी गंमत ऐक. फेब्रुवारीत त्याचा चकलांब्याला सत्कार झाला. आमच्या गल्लीतले आठजण हार घेऊन गेलो. त्यानं हार गळ्यात पडायच्या आधीच हातात घेतला, फोटोवाल्याला 'राहू दे, राहू दे' म्हणला, आन मला बाजूला घेऊन हळूच बोलला, 'चाचा, तुमची मतं मला पडली हे चारचौघात बोलत जाऊ नका. बाकीचे लोक बिथरतात.' आमी उपाशीच परत आलो. एकशे बारा माणसांचे मतं, आन बोलायची सोय न्हाई.

तू मला माफ कर असं लिहीत न्हाई. तू परत ये एवढंच. मह्या घरात पाऊल टाकू नको वाटलं तर.

दस्तगीर


टाकळीशेरी
१७ ऑगस्ट २०२५

सटवा,

आज ऋतुजाचा फोन आला. तू सांगितलं न्हवतंस, तिनं मनानं केला, तिला रागावू नको. म्हणली, 'मामू, पत्रं सगळी वाचून दाखवली. आबा काय बोलत न्हाईत. ऐकतेत आन उठून जातेत.'

मंग तिनं सांगितलं, की तिकडं परक्या गावात मेंढरं घालू देईनात, म्हणून कळप विकला. सगळा. आन नाथानं औंदा ऊसतोडीला नाव दिलं, दसऱ्यानंतर कर्नाटकात जाणार, ती बी लेकरू घेऊन संगं जाणार. मी फोन धरून उभा राहिलो. तिला वाटलं कट झाला. 'मामू, मामू' करत व्हती.

सटवा, तुहा कळप विकला? बाप मेला तवा तू रडला न्हाईस आन पांढऱ्या मेंढीला साप चावला तवा तीन दिवस जेवला न्हाईस. कुणी नेला? खाटकानं नेला का पाळणाऱ्यानं? ऋतुजाला विचारायची हिंमत झाली न्हाई.

जैतुन म्हणती, 'आता तरी जावा अण्णांकडं. मी संगं येते. आमी बायांनी दिलं म्हणून सांगते, मला काय करायचं ते करू द्या.' तिला मी न्हेणार न्हाई. एकटा जाईन. नाथाला दसऱ्याच्या आत निरोप मिळाला पाहिजे, की रान मोकळं झालं. चार-पाच मेंढ्यांवर पुन्हा सुरू करता येतं, तुह्या बापानं केलंतं.

उद्या सकाळी जातो. भ्या वाटतंय, हे तुला लिहायला लाज वाटत न्हाई. गल्लीत कुणाला सांगितलेलं न्हाई. सांगितलं तर जाऊ देणार न्हाईत.

दस्तगीर


टाकळीशेरी
२१ ऑगस्ट २०२५

सटवा,

गेलतो.

अण्णा ओसरीवर पेपर वाचत व्हते. विजयसिंहाची बायको रोहिणी चहा घेऊन आली, मला बी दिला. मी कप खाली ठेवला आन उभ्यानंच सगळं बोलून टाकलं. म्हणलो, 'अण्णा, त्या दिवशी मी खोटं बोललो. मतं आमच्या गल्लीतनं गेली, एकशे बाराची एकशे बारा. त्यात महं एक हाय. सटवाचं एक माणूस फुटलं न्हाई. जी शिक्षा द्यायची ती मला द्या आन त्याला रान मोकळं करा.'

अण्णा हसले रे. रागवतील, मारतील, सगळं धरून गेलतो. हसतील हे धरलं न्हवतं.

म्हणले, 'मुलाणी, बस. चहा गार होतोय. तुला काय वाटलं, मला वजाबाकी येत न्हाई? सटवानं दारात उभं राहून गणित सांगायच्या आधी महं झालंतं.'

मी म्हणलो, 'मंग अण्णा, त्याला कावून?'

'कुणाला तरी धरणं भाग व्हतं. विजयसिंह पडला आन कुणालाच काही झालं न्हाई, असं दिसलं तर पुढच्या वेळी अख्खं गाव फुटलं असतं. तुमी एकशेतीस. ते अठ्ठ्याहत्तर. जिल्हा परिषद तोंडावर आली. मी एकशेतीस घालवू का अठ्ठ्याहत्तर? आन अठ्ठ्याहत्तर बी घालवले न्हाईत. एकटा सटवा गेला, बाकीचे गुपचूप हायेत.'

मी म्हणलो, 'ते पोरं आमच्या गल्लीत मोटारसायकली...' तर म्हणले, 'ते मीच थांबवलं. संध्याकाळी तू आलास, उंबऱ्याला हात लावलास, मी म्हणलो चला, मुलाणी वळणावर आला.'

म्हणजे मी गेलो नसतो तरी त्यांनी तुलाच धरलं असतं. हे ऐकून मला आधी हलकं वाटलं. खोटं कशाला बोलू? एक मिनिट हलकं वाटलं. मंग बाहेर येऊन चपला घालता येईनात, डाव्या पायात उजवी घालत व्हतो.

निघताना विचारलं, 'रान मोकळं करता का?' म्हणले, 'आता कशाला? त्याचे मेंढरं तर विकले म्हणे.' त्यांना तुह्या कळपाची खबर मह्या आधी व्हती.

आन आणखी एक. मी जायच्या आदल्याच दिवशी विजयसिंह दुसऱ्या पक्षात गेला. कुणाच्या? ज्यानं त्याला त्र्याण्णव मतांनी पाडलं त्याच्याच. दोघांनी एकमेकांना पेढा भरवला, पेपरात फोटो हाय, तोच पेपर अण्णा वाचत व्हते. मंग कोण कुणाकडनं फुटलं, कुणी कुणाचा घात केला, आन तुहं घर कशापायी मोडलं, ते मला कुणी तरी समजावून सांगा. जैतुनला सांगितलं तर ती ऐकून भांडी घासत राहिली. एकच पातेलं किती तरी वेळ घासत व्हती.

नाथाला जाऊ दे ऊसतोडीला. महा निरोप पोचवायला काय उरलं न्हाई.

दस्तगीर


टाकळीशेरी
९ नोव्हेंबर २०२५

सटवा,

ऋतुजा लेकरू घेऊन फडावर गेली असंल. हे पत्र तुला कोण वाचून दाखवील ठावं न्हाई. लेकीच्या घरी कुणी शिकलेलं असंल तर त्याला देशील, न्हाई तर तसंच ठेवशील. तसंच ठेवलंस तरी चालंल. पण मी लिहिलं नसतं तर तुला उद्या-परवा कुणा तिऱ्हाइताकडून कळलं असतं, आन ह्या वेळी तसं व्हायला नको.

मतदार याद्या दुरुस्त करायला लागलेत. अंगणवाडीची धनश्री घरोघर फिरती, कोण मेलं, कोण सासरी गेलं, कोण गाव सोडून गेलं. परवा सकाळी ती मह्याकडं आली. संगं अण्णांचा माणूस हनुमान व्हता. तो कुंपणाशी उभा राहून मोबाईल बगत व्हता.

धनश्रीकडं तुह्या घरचे अकरा नावं व्हते. तिनं मला विचारलं, 'काका, हे लोक इथं राहतात का?'

मी म्हणलो, 'तिकडं आष्टीकडं गेलेत.'

चांगली पोर हाय ती. तिनं वही मिटली आन म्हणली, 'काका, कामाला गेले असतील आन परत येणार असतील तर तसं सांगा. मी नावं ठेवते. ऊसतोडीला गेलेल्यांची नावं आम्ही काढत नाही. पण कायमचं सोडलं असेल तर एका मतदारानं अर्ज भरून सही द्यावी लागते.'

सटवा, तिनं मला इतकं सरळ विचारलं. 'येणार हायेत' एवढे दोन शब्द बोलायचे व्हते. नाव राहिलं असतं तर वाडग्याची जागा राहिली असती, रेशन राहिलं असतं. कदी तरी म्हातारपणी दोघं आलात तर 'तुमी कुठले?' असं कुणी विचारलं नसतं. आन खरं बी तेच व्हतं, तू गेलास ऊसतोडीसारखाच, पोटापायी.

मी हनुमानाकडं बगितलं. त्यानं मान वर केली न्हाई. कुणी जबरदस्ती केली असं मी म्हणणार न्हाई. मह्या गल्लीतली पोरं आठवली, जैतुन आठवली, तो हॉर्न आठवला. हे मागच्या वेळी बी आठवलंतं. मी म्हणलो, 'न्हाई येणार. कायमचे गेले.'

जैतुन आतून ऐकत व्हती. ती त्या दिवसापासून मह्याशी बोलली न्हाई. भाकरी करती, ताट ठेवती, आन तुमच्या रिकाम्या ओसरीवर जाऊन बसती.

धनश्रीनं अर्ज काढला. मला चष्मा दिला, म्हणली वाचून घ्या. मी वाचलं. सटवा धुळाजी. ताराबाई सटवा. नाथा सटवा. तुहा भाऊ म्हाळू, त्याची बायको, त्यांचे दोघं. तुही बहीण, तुहा मेव्हणा, त्यांचा लेक. शेवटचं ऋतुजाचं. तिनं अजून एकदा बी मत दिलेलं न्हाई, निवडणुकीच्या टायमाला बाळंतपणाला गेलती ना.

सही केली.

अर्जात एक रकाना असतो, की अर्ज देणारा कोण. धनश्रीनं पेन धरून विचारलं, 'काका, तुम्ही त्यांचे कोण लिहू?'

मी चष्मा काढून ठेवला. मंग म्हणलो, 'शेजारी लिही.'

ती म्हणली, 'शेजारचं घर तर रिकामं दाखवलंय काका. मग शेजारी कसं लिहू?'

मी म्हणलो, 'मंग गावातला एक मतदार लिही.'

तसं लिहिलं तिनं.

दस्तगीर